जॉन म्युअर ट्रेल: खाण्याच्या थांब्यांचं प्लॅनिंग, नोंदी

१९ जानेवारी

ठरलं एकदाचं. ताई आणि मी ऑगस्टमध्ये जॉन म्युअर ट्रेल करतोय, परमिट मिळालं तर. भाऊजी येणार नाहीत, त्यांच्याकडे घरचा किल्ला आणि पार्सलं पोस्टात टाकायचं काम. बाकी गिअर वगैरे होत राहील, ते आमच्याकडे बरंचसं आहे, पण खाण्याचं गणित आत्तापासून लावायला लागेल म्हणून ह्या नोंदी सुरू करतोय, नाहीतर कोण काय म्हणालं होतं ते जूनपर्यंत कुणालाच आठवणार नाही.

थोडक्यात ट्रेल असा: कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, योसेमिटी व्हॅलीतल्या हॅपी आयल्सपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत २११ मैल, म्हणजे साधारण ३४० किलोमीटर. माथा १४,५०५ फुटांवर, अलास्का सोडून अमेरिकेतला सगळ्यात उंच. पण माथ्यावर गाडी येत नाही, त्यामुळे व्हिटनी पोर्टलपर्यंत उतरायचे आणखी ११ मैल धरायचेच. आणि ह्या सगळ्या रस्त्यात ट्रेल फक्त एकाच डांबरी रस्त्याला ओलांडतो, तोही ट्वालमी मेडोजला, म्हणजे अगदी सुरुवातीलाच. त्यानंतर जे काही दुकान, पोस्ट, माणूस लागेल ते ट्रेल सोडून बाजूला जाऊनच.

ताईचा पहिलाच प्रश्न, "अरे मग आठवडाभराचं पाठीवर घेऊन चालायचं का?" हो, आणि तिथेच सगळी गोम आहे.

२ फेब्रुवारी

थांब्यांची यादी केली. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना, हॅपी आयल्सपासूनचे मैल, सगळे अंदाजे कारण प्रत्येक नकाशा एकदोन मैल इकडेतिकडे सांगतो.

ट्वालमी मेडोज, साधारण २२ मैल. दुकान, पोस्ट, ग्रिल, पण सगळं टायोगा रोड उघडण्यावर अवलंबून, बर्फ जास्त पडला की सगळंच पुढे ढकललं जातं, २०२३ ला तर तो रोड जुलैच्या शेवटाकडे उघडला होता. त्या वर्षी तिथे काय चालू आहे ते आधी तपासायचं, गृहीत धरायचं नाही.

रेड्स मेडो, ५८ च्या आसपास. ट्रेलपासून अगदी जवळ, छोटं दुकान, कॅफे, पार्सल ठेवून घेतात, आणि बसने मॅमथ लेक्स गावात जाता येतं.

व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट, ८७ मैलांवरून फाटा. एडिसन लेकच्या पलीकडच्या टोकाला. फेरीबोट असते, पण तलावात पाणी कमी असलं की ती बंद आणि मग काठाकाठाने चालत जा.

म्युअर ट्रेल रँच, १०७ ला फाटा, तिथून मैलभर आत. बादली पद्धत, त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि मग? मग काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. रँचपासून व्हिटनी पोर्टल ११५ मैल, मध्ये म्युअर, मॅथर, पिंचो, ग्लेन, फॉरेस्टर असे एकाहून एक पास, म्हणजे खिंडी, सगळे १२,००० फुटांच्या आसपास किंवा वर, आणि एकही दुकान नाही. यादीचा वरचा अर्धा भाग गर्दीचा आणि खालचा अर्धा कोरा. लोक वरच्या चार थांब्यांवर वाद घालत बसतात, ट्वालमीला पार्सल पाठवू की रेड्सला वगैरे, पण मला वाटतं प्लॅन खालून वर करायला हवा. आधी कोरा भाग सोडवायचा, वरचं आपोआप बसेल.

१६ फेब्रुवारी

आज फक्त कोऱ्या भागावर बसलो. भाऊजींनी स्प्रेडशीट उघडली, ताईने चहा टाकला आणि सांगितलं की रंग भरत बसू नका.

अडचण वजनाची वाटते, पण ती वजनाची नाहीच. सिएरामध्ये काळी अस्वलं आहेत आणि ह्या ट्रेलच्या बऱ्याच भागात खाणं बेअर कॅनिस्टरमध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यात ठेवणं सक्तीचं आहे, रेंजर भेटला तर विचारतो. आम्ही त्याला डबाच म्हणतो. आमचे दोघांचे डबे साडेअकरा लिटरचे, रिकामा डबाच सव्वा किलोच्या जवळपास. कितीही ताकद असली, खांदे कितीही मजबूत असले, तरी साडेअकरा लिटरच्या डब्यात बारा लिटर जात नाही. आणि नुसतं खाणं नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, वास येणारं सगळं आत. कचरासुद्धा आत, म्हणजे रिकामी पाकिटं शेवटपर्यंत जागा खात बसणार.

११५ मैल, त्या पासेसमध्ये दिवसाला ११-१२ मैल धरले तर दहा दिवस. दहा दिवसांचं खाणं ह्या डब्यात जाणार नाही, विषय संपला. मग पर्याय:

एक, पळायचं. दिवसाला १७-१८ मैल. ताई म्हणाली "तू जा, मी मागून येते." म्हणजे नाही.

दोन, मोठा डबा. कार्बन फायबरचे जवळजवळ १५ लिटरचे मिळतात, भाड्यानेही मिळतात, वजनही उलट थोडं कमी. पण दहा दिवस त्यातही जरा ओढाताणच, आणि दहा दिवसांचं खाणं म्हणजे माणशी सात-आठ किलो पहिल्याच दिवशी पाठीवर.

तीन, खच्चरवाल्याकडून मध्येच कुठेतरी माल पोहोचवून घ्यायचा. होतं, लोक करतात, पण दोघांसाठी फार महाग पडतं.

चार, बिशप पासवरून बाहेर, लकॉन्ट कॅन्यनमधून साऊथ लेकपर्यंत १२ मैल. हा फाटा रँचपासून जेमतेम २८ मैलांवर येतो, म्हणजे डबा अजून अर्ध्याच्या वर भरलेला असतानाच आपण बाहेर पडणार. पुढचे ८० च्या वर मैल तसेच राहतात. प्लॅन म्हणून उपयोग नाही, पण पळवाट म्हणून लक्षात ठेवायचा.

पाच, कियरसार्ज पास. ट्रेलवर साधारण १८० मैलांवर फाटा, तिथून पास ओलांडून अनियन व्हॅलीचं पार्किंग साडेसात मैल, आणि तिथून १३ मैल रस्त्याने इंडिपेंडन्स गाव. परत येताना तेच साडेसात मैल उलटे, ९,२०० फुटांपासून ११,७६० पर्यंत चढ, तोही नवीन भरलेल्या डब्यासकट.

पाचवाच. पंधरा मैल फुकटचे चालायचे म्हणून बरेच लोक नाक मुरडतात, पण त्याच्या बदल्यात एक रात्र पलंगावर आणि कोऱ्या भागाचे दोन तुकडे. भाऊजींनी त्या ओळीला हिरवा रंग भरला, ताईने बघितलं आणि काही बोलली नाही.

३ मार्च

परमिट आलं! योसेमिटीची लॉटरी २४ आठवडे आधी असते, आम्ही ऑगस्टच्या मध्यासाठी टाकलं होतं. पण हॅपी आयल्स नाही मिळालं, लायल कॅन्यन मिळालंय, म्हणजे सुरुवात थेट ट्वालमी मेडोजहून, १२ ऑगस्टला. व्हॅलीतून वर येणारे पहिले २२ मैल गेले. ताई हिरमुसली थोडी, हाफ डोम हा योसेमिटीतला प्रसिद्ध कडा बाजूने बघायचा होता तिला. मी मात्र मनातल्या मनात उड्या मारतोय, कारण खाण्याच्या दृष्टीने हे फारच सोयीचं झालं.

ते असं. ट्वालमीपासून रँच ८५ मैल, आठ दिवस. मध्ये चौथ्या दिवशी रेड्स मेडो येतं. म्हणजे ट्वालमीहून डबा भरून निघायचं आणि रेड्सला फक्त दीडदोन दिवसांची भर टाकायची, तेवढं तिथल्या दुकानात सहज मिळतं. पार्सल नको, मॅमथला बसने जाणं नको. रेड्सच्या रस्त्याचं काम २०२३ पासून सुरू झालं आणि त्यामुळे बस कधी असायची कधी नसायची, तर त्या भानगडीतूनच सुटलो. व्हर्मिलियन तर सरळ काट मारली, तिथून रँच जेमतेम २० मैलांवर, दोन्हीकडे थांबण्यात अर्थ नाही. बोटीत बसायला मिळणार नाही एवढंच.

आणि सुरुवातीला जड डबा असला तरी लायल कॅन्यन पहिले आठेक मैल जवळजवळ सपाट आहे, नदीच्या कडेने. त्यानंतर डॉनह्यू पास, ११,०६० च्या आसपास. बरं, पहिल्या दोनतीन दिवसांत उंचीमुळे भूक मरते, त्यामुळे तिथलं खाणं थोडं कमीच धरलंय.

तर थांबे ठरले: रेड्सला भर, रँचला बादली, इंडिपेंडन्सला खोका. बस.

२३ मार्च

रात्री मोजायच्या की दिवस, ह्यावरून आज भाऊजींशी तासभर. त्यांचं म्हणणं आठ दिवस म्हणजे आठ दिवसांचं खाणं. पण डब्याला दिवसांशी काय देणंघेणं? डबा बंद होतो रात्री. पहिल्या दिवसाचा नाश्ता, दुपारचं, आणि रात्रीचं जेवणसुद्धा डबा बंद करायच्या आधी पोटात गेलेलं असतं. म्हणजे पहिला अख्खा दिवस डब्याबाहेर, वेगळ्या पिशवीत, फक्त चालताना ती पिशवी सोडून लांब जायचं नाही.

रँचपासून इंडिपेंडन्स असं दिसतंय: २० ऑगस्टला सकाळी निघायचं, २७ ला संध्याकाळी गावात. १८० वजा १०७ म्हणजे ७३, अधिक साडेसात, म्हणजे ८० मैल आणि पाच पास, कियरसार्ज धरून. आठ दिवस, सात रात्री. पहिला दिवस डब्याबाहेर, शेवटच्या दिवशी रात्रीचं जेवण गावात. राहिले साडेसहा दिवस. साडेअकरा लिटरला साडेसहाने भागलं की माणशी दिवसाला पावणेदोन लिटर, त्यातून टूथपेस्ट वगैरेची जागा वजा. हा एक आकडा सगळं ठरवणार आहे. बाकीच्या दोन्ही टप्प्यांत आरामात मावतंय.

लोक ग्रॅममागे कॅलरी मोजतात, आम्हाला मिलिलिटरमागे मोजायला लागणार. ह्या मापाने बघितलं की सगळी यादीच बदलते. ऑलिव्ह ऑइल तर राजाच, १०० ग्रॅमला ८८० च्या वर कॅलरी आणि मध्ये हवा शून्य. पीनट बटर तसंच, १०० ग्रॅमला ५९० आणि कोपऱ्यात कुठेही दाबून बसतं. बदाम चांगले, पण अख्ख्या बदामांमध्ये फटी राहतात. टॉर्टिया १०० ग्रॅमला ३०० च्या आसपासच, तरी ठेवल्या, कारण त्या डब्याच्या कडेने गोल वळवून बसवता येतात आणि मधली पोकळी मोकळी राहते. ग्रॅनोला, क्रॅकर्स, चिप्स हे हवा विकत घेण्याचे धंदे. रॅमन नूडल्स चुरून टाकल्या की बरीच कमी जागा घेतात, मग त्या चमच्याने खायच्या, नूडल्स म्हणून त्यांचा मान राहत नाही पण पोट भरतं.

टार्गेट: माझं ३,२०० कॅलरी, ताईचं २,६००, आणि शेवटच्या टप्प्यात दोघांचं थोडं जास्त कारण तोपर्यंत भूक राक्षसासारखी लागायला लागते असं सगळेच सांगतात. वजन माणशी दिवसाला ६५० ते ७५० ग्रॅम.

६ एप्रिल

ट्रायल पॅकिंग. हॉलमध्ये चादर अंथरली, सगळ्यात वाईट टप्प्याचं म्हणजे साडेसहा दिवसांचं खाणं मांडलं आणि डबा भरायला घेतला.

पहिल्या फेरीत साडेचार दिवस बसले. साडेचार! तयार फ्रीझ-ड्राइड जेवणाची पाकिटं तशीच टाकली होती, प्रत्येक पाकीट फुगलेलं उशीसारखं. ताई एकेक हातात घेऊन दाबून बघत होती आणि म्हणाली, "ह्यात जेवण कमी आणि वारा जास्त." मग सगळी पाकिटं फोडली, आतलं पातळ झिप पिशव्यांमध्ये ओतलं, हवा काढून चपटं केलं. पाकिटातच गरम पाणी ओतून खायची सोय गेली, एकच पाकीट ठेवलंय, त्यातच रोजचं भिजवायचं आणि पुसून परत वापरायचं.

दुसऱ्या फेरीला क्रम ठरवला. तळाशी शेवटच्या दिवसांची जेवणं आडवी, त्यावर ओट्स आणि दूध पावडर एकत्रच मिसळून मोठ्या पिशवीत, कारण मोठी मऊ पिशवी वाळूसारखी फटींत उतरते आणि छोट्या छोट्या सात पिशव्या उतरत नाहीत. कडेने टॉर्टिया. मध्ये पीनट बटर, मूळ बरणीतून काढून पिशवीत. सुटे बदाम सगळ्यात शेवटी ओतायचे, डबा हलवायचा, परत ओतायचे. बारका इन्स्टंट भात आणि मॅश पोटॅटोची पावडर पण अशीच उतरते.

झाकण. पारदर्शक प्लास्टिकच्या जाड डब्याचं आट्यांचं झाकण, ते फिरवत नेलं की दोन खटके ओलांडून बसतं, दोन्ही वेळा टक् असा आवाज यायला हवा. पहिला टक् आला. दुसरा येईना. मी गुडघा ठेवला, ताईने दोन्ही हातांनी फिरवलं, भाऊजी बाजूने "हवा काढा, हवा काढा" करत होते. शेवटी एक चीजचा ठोकळा आणि दोन बार बाहेर काढले तेव्हा बसलं. म्हणजे सहा दिवस. अर्धा दिवस अजून बाहेर.

थंडीत ही झाकणं आणखी कडक होतात, पहाटे बोटं बधिर असताना खटका दाबायला जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवायचं ही युक्ती बरेच जण सांगतात, एक जुनं कार्ड ताईने आत्ताच पाकिटातून काढून ठेवलं.

ताईचा डबा मात्र पहिल्या फटक्यात बंद, कारण ती कमी खाते. तिच्या डब्यात अजून लिटरभर जागा आहे. माझं अर्धा दिवसाचं तिकडे. प्रश्न सुटला, पण आता ती हे पूर्ण ट्रेलभर ऐकवणार.

२६ एप्रिल

शिजवण्याचा विषय. १०,००० फुटांवर पाणी साधारण ९० अंशांना उकळतं, १२,००० ला ८८ च्या आसपास. समुद्रसपाटीला बारा मिनिटांत शिजणारा पास्ता तिथे किती वेळ घेईल आणि किती गॅस खाईल ते सोडाच. त्यामुळे नियम केला की शिजवायचं काहीच नाही, फक्त भिजवायचं. जे आधीच शिजवून वाळवलेलं आहे तेच न्यायचं: इन्स्टंट भात, वाळवलेले शिजलेले बीन्स, मॅश पोटॅटो, कुसकुस, बारीक ओट्स. पाणी उकळलं की ओता, झाका, टोपीत किंवा पफी जॅकेटमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं विसरा.

शेकोटीवर काही करायचा विचारच नको, उंचावर शेकोटीला बंदी आहे आणि वणव्यांच्या दिवसांत तर खालीही असते. अल्कोहोल स्टोव्हवरही तेव्हा बंदी येऊ शकते, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद करता येणारा गॅसचा बर्नर.

गॅसचा हिशोब: लिटरभर पाण्याला वारा नसताना १२ ते १५ ग्रॅम. आम्हाला दोघांना सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटर, म्हणजे दिवसाला २५-३० ग्रॅम. २३० ग्रॅमचं सिलिंडर आठेक दिवस. म्हणजे टप्प्याला एक, सोपं. निघताना एक सोबत, पुढचं रँचवर विकत, तिसरं इंडिपेंडन्सला मिळालं तर बरं. नाही मिळालं तर शेवटच्या पाच दिवसांत सकाळचे ओट्स थंड पाण्यात, ताईला चालेल, माझी सकाळ खराब होईल पण मरणार नाही. बादलीत गॅस पाठवायचा नाही, तो तिथे चालत नाही.

१७ मे

बादली. आज रँचची नोंदणी करून टाकली, सगळं ऑनलाइन, पैसे आधी. फी चांगलीच सणसणीत आहे आणि पोस्टेज वेगळं, सुरुवातीला मी कुरकुर केली. मग माल तिथे कसा जातो ते वाचलं. रँचपर्यंत रस्ता नाही. पार्सल लेकशोर नावाच्या पोस्टात येतं, तिथून त्यांची माणसं उचलतात, फ्लॉरेन्स लेक बोटीने ओलांडतात आणि पुढचे काही मैल कच्च्या वाटेने आत. कुरकुर बंद केली.

नियम असे की खोका चालत नाही, पाच गॅलनची प्लास्टिकची बादलीच हवी, घट्ट झाकण आणि वरून टेप, कारण साठवणीच्या जागी उंदीर. वजन २५ पाउंडांपर्यंत. नाव आणि उचलायची तारीख मोठ्या अक्षरात. निदान तीन आठवडे आधी पोस्टात टाका म्हणतात. आमची उचलायची तारीख १९ ऑगस्ट, म्हणजे २९ जुलै ही शेवटची, आम्ही ८ जुलैलाच टाकणार. भाऊजींच्या कॅलेंडरवर लाल.

२५ पाउंड म्हणजे ११.३ किलो, दोघांचं आठ दिवसांचं खाणं माझ्या हिशोबाने साडेदहा, अकरा. बादली रिकामी किलोभर धरली तर? बसत नाही. ताई म्हणाली मग दोन बादल्या, फी डबल. त्यापेक्षा दुसरा रस्ता असा की तिथे हायकर्सनी मागे सोडलेल्या खाण्याच्या बादल्या असतात, ज्याला जे जास्त झालं ते तिथे टाकतो आणि ज्याला हवं तो घेतो. ओट्सचा तर म्हणे तिथे डोंगर असतो, कारण आठवडाभर ओट्स खाल्ल्यावर लोकांना ते डोळ्यांसमोर नको होतात. तर पहिल्या दिवसाचं, म्हणजे डब्याबाहेरचं खाणं, त्यातून जमवायचं. नाहीच काही मिळालं तर रेड्सला घेतलेल्या भरीतलं एक दिवसाचं वाचवून आणायचं. दुसऱ्यांनी टाकलेल्यावर पूर्ण प्लॅन उभा करायचा नाही, पण एक दिवस ठीक आहे.

१४ जून

सामान घेऊन, डबे पूर्ण भरून, उंचावर दोन रात्री राहून आलो. बारा मैलांचा अंदाज पासच्या दिवशी टिकत नाही, साडेदहा धरा. एक तर दुपारी वीज-पाऊस येतो म्हणून पास बाराच्या आत ओलांडायचा असतो, म्हणजे मुक्काम पासच्या पायथ्याशी हवा, म्हणजे मैल नाही तर मुक्कामच दिवस ठरवतात.

रँचनंतरचे मुक्काम परत लावले: मॅक्लूर मेडो, मग म्युअर पासच्या अलीकडे तळ्यांपाशी, मग लकॉन्ट कॅन्यनमध्ये खाली, मग गोल्डन स्टेअरकेस चढून पॅलिसेड लेक्स, मग मॅथर ओलांडून लेक मार्जरी, मग पिंचो ओलांडून वुड्स क्रीक, मग रे लेक्स, आणि आठव्या दिवशी ग्लेन आणि कियरसार्ज एकाच दिवशी. तो दिवस वाईट आहे, पण त्या दिवशी डबा जवळजवळ रिकामा आणि समोर गाव, होईल.

वुड्स क्रीक, रे लेक्स अशा ठिकाणी पार्क सर्व्हिसची लोखंडी कपाटं आहेत खाणं ठेवायला. मला वाटलं चला, डब्यात न मावणारं तिथे. पण ती सगळी पिंचोच्या दक्षिणेला. डबा फुगलेला असतो तो रँचनंतरच्या पहिल्या दोन रात्री, तेव्हा एकही कपाट नाही. गरज नसताना सोय, नेहमीचंच.

बिशप पासचा नियमही ठरला: लकॉन्टला पोहोचताना ठरल्यापेक्षा एका दिवसाहून जास्त मागे असू तर चर्चा न करता बाहेर. ताईने दोनदा वदवून घेतलं.

८ जुलै

बादली गेली. १०.९ किलो, बाथरूमच्या काट्यावर तीनदा. आत वरती जेवणांची यादी टेपने चिकटवली, मधल्या फटींमध्ये सॉक्स, बँडेज आणि थोडे टिश्यू कोंबले. साबण, टूथपेस्ट दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर सगळ्या ओट्सना पुदिन्याचा वास. भाऊजी पोस्टातून ट्रॅकिंगची पावती घेऊन आले आणि ती फ्रिजवर लावली.

२७ जुलै

इंडिपेंडन्सचा खोका. पोस्टात जनरल डिलिव्हरीने पाठवता येतो, म्हणजे पोस्टातच ठेवतात आणि आपण जाऊन उचलायचा, पण पोस्ट रविवारी बंद, रोजच्या वेळा ठरलेल्या, आणि आमची तारीख एक दिवस पुढेमागे होऊ शकते. म्हणून जिथे रूम घेतोय त्या मोटेललाच विचारलं, ठेवून घेतात, खोक्यावर नाव आणि येण्याची तारीख लिहा म्हणाले. अनियन व्हॅलीहून गावापर्यंत बस नाही, गाडीवाल्याशी बोलून ठेवलंय, २७ ला संध्याकाळी, आणि २९ ला सकाळी परत वर.

ह्या खोक्यात चॉकलेट नाही. गाव ३,९०० फुटांवर, ऑगस्टमध्ये तिथे ऊन मरणाचं, पोस्टाच्या गाडीत चॉकलेटचं सरबत होणार. त्याऐवजी सुकामेवा आणि तिखट-खारट जास्त, कारण तोपर्यंत गोडाचा कंटाळा आलेला असणार. पाच दिवसांचं माणशी साडेतीन हजार कॅलरीने, डब्यात जागा उरते म्हणून इथे मी क्रॅकर्स घेतलेत, हवा विकत घ्यायचा हक्क मिळवलाय आम्ही. व्हिटनीच्या भागात मैला पिशवीत भरून खाली आणायचा असतो, त्या पिशव्या व्हिटनीच्या अलीकडे क्रॅबट्रीला मिळतात असं कळलंय, तरी दोन ह्याच खोक्यात टाकल्या. त्या वापरल्यावर डब्यात जाणार नाहीत, हे ताईने स्वतंत्रपणे स्पष्ट केलं.

९ ऑगस्ट

रँचकडून बादली पोहोचल्याचं कळलंय. मोटेलमध्ये खोका पोहोचलाय, फोन करून विचारलं. ट्वालमीच्या दुकानावर काहीच अवलंबून नाही, सगळं घरून भरून नेतोय.

भाऊजींसाठी एक कागद केला: १५ ला रेड्स, १९ ला रँच, २७ ला इंडिपेंडन्स, २ सप्टेंबरला पोर्टल. सॅटेलाइट मेसेंजरवरून रोज रात्री एक मेसेज. एक रात्र मेसेज नाही आला तर काही करायचं नाही, बॅटरी किंवा कॅन्यनच्या भिंती. लकॉन्टहून "बिशप" एवढा एकच शब्द आला तर बिशप गावात रूम बघायची आणि मोटेलवाल्यांना सांगायचं की खोका घ्यायला दुसरं कुणीतरी येईल, म्हणजे भाऊजीच. २८ च्या रात्रीपर्यंत इंडिपेंडन्सहून फोन नाही आणि मेसेजही नाही तर मग पार्कच्या ऑफिसला फोन, नंबर कागदाच्या मागे.

"आणि खोक्यातलं खाणं उरलं तर?" भाऊजी.

"उरणार नाही," ताई.